सत्तावीस सूचनांचं निवेदन देण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धायरीतल्या एका मोठ्या सोसायटीच्या तुम्ही सचिव आहात. आसपासच्या सहा सोसायट्यांनी मिळून २७ सूचनांचं निवेदन तयार केलंय. जानेवारीत निवडून आलेल्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना ते द्यायचंय. यातलं काय खरंच मार्गी लागेल, आणि ते कसं मांडावं, हे तुम्हाला हवंय.

मी ३१ वर्षं एका महापालिकेत काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. आधी पथ विभाग, मग मलनिःसारण. म्हणजे अशी निवेदनं घेणाऱ्या टेबलामागे मी बसलेलो आहे, आणि त्यांचं पुढे काय होतं ते पाहिलेलं आहे. तुमच्या २७ सूचनांचं काय होईल ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं पटेल.

निवेदनावर आवकचा शिक्का बसेल. नगरसेवक वर ‘योग्य कार्यवाही व्हावी’ असं लिहून सही करतील. सत्तावीस विषय म्हणजे निदान सात खाती: पथ, मलनिःसारण, पाणीपुरवठा, विद्युत, घनकचरा, उद्यान, अतिक्रमण. सात झेरॉक्स निघतील. प्रत्येक खात्याचा माणूस त्यातले आपले तीन-चार मुद्दे शोधेल आणि ‘उर्वरित बाबी इतर विभागांशी संबंधित आहेत’ असं लिहून कागद फायलीला लावेल. आपल्या तीन मुद्द्यांखाली ‘तरतूद उपलब्ध झाल्यावर कार्यवाही करण्यात येईल’. तुम्हाला उत्तर मिळालं, त्यांची फाइल बंद झाली. यात कुणी कामचुकारपणा केला असंही नाही. ‘वाहतूक कोंडी सोडवावी’ या वाक्यावर कनिष्ठ अभियंत्यानं करायचं तरी काय? त्याचं मोजमाप होत नाही, दरसूचीत त्याचा दर नाही.

म्हणून माझा सल्ला एवढाच: सत्तावीसच्या जागी एक रस्ता घ्या. सोसायटीच्या गेटापासून बसथांब्यापर्यंतचा, जो तुमची मुलं आणि म्हातारी माणसं रोज चालतात तो. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो चारशे मीटरच्या आसपास असावा. त्या चारशे मीटरवर तुमच्या यादीतले निदान पंधरा मुद्दे येऊन बसतात: फुटपाथ, अंधार, तुंबणारं पाणी, खचलेली चेंबरं, कचऱ्याचा ढीग, गाड्या. तुमच्या यादीतले मेट्रो आणि नदीचे मुद्दे तूर्त बाजूला ठेवा. ते विषय मोठे आहेत, पण तुमच्या चार नगरसेवकांच्या सहीनं सुटणारे नाहीत.

आता हे चार जण काय करू शकतात आणि काय नाही, ते बघू. मार्च २०२२मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६च्या मतदानापर्यंत पुण्यात प्रशासकच होते. स्थायी समितीही तेच, मुख्य सभाही तेच. जवळजवळ चार वर्षं नागरिकांचा आवाज आत नेणारं माणूसच नव्हतं, त्यामुळे आता अपेक्षांचा लोंढा येणारच. पण महाराष्ट्रातल्या कायद्यात महापौर किंवा नगरसेवक खात्याला थेट हुकूम सोडत नाहीत. अंमलबजावणी आयुक्तांची. नगरसेवकांच्या हातात दोन गोष्टी येतात: पैसा कुठल्या कामाला जाईल हे ठरवणं, आणि दिलेल्या कामाबद्दल सभेत जाब विचारणं. पहिल्या गोष्टीकडे सगळे धावतात. दुसरी ओस पडलेली असते.

पैशाचं म्हणाल तर पुण्यात ‘स यादी’ नावाचा प्रकार आहे, ऐकला असेल. प्रभागातली छोटी कामं नगरसेवकांनी सुचवायची, ती या यादीतून होतात. बाकडी, नामफलक, कमानी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बकेटी हे सगळं बहुतेक इथूनच आलेलं असतं. बाकडं चट्कन होतं, फोटो निघतो, नाव रंगवता येतं. चेंबर वर उचलल्यावर त्यावर कुणाचं नाव रंगवणार! नव्या माणसाला पहिल्या वर्षात दिसणारं काम हवं असतं हे मी समजू शकतो, आणि तुम्हीही समजून घ्या. त्यांना दिसेल असंच काम द्या. चारशे मीटरचा सरळ, कोरडा, उजेडाचा रस्ता बाकड्यापेक्षा चांगला दिसतो. लहान मूल एकटं बसथांब्यावर जाऊ लागलं की अख्ख्या सोसायटीला कळतं.

दुसरा शब्द ‘वर्गीकरण’. अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेले पैसे वर्षाच्या मध्यात दुसरीकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण. तुमच्या कामाला तरतूद झाली म्हणून पेढे वाटून मोकळे झालात, की सहा महिन्यांनी ते पैसे भलत्याच कामाला गेलेले असतात. तरतूद झाली की अर्थशीर्षक (अंदाजपत्रकात ते काम ज्या नावाखाली आहे ते) आणि रक्कम लिहून घ्या, आणि दर दोन महिन्यांनी क्षेत्रीय कार्यालयात विचारा की पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज) झालं का, निविदा निघाली का, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश) दिला का. हे तीन टप्पे नावानं विचारणारा माणूस समोर आला की टेबलामागचा माणूस जरा सरसावून बसतो. मीही बसायचो.

आता रस्त्यावर उतरू.

रविवारी सकाळी सातला पाच-सहा जण निघा. एकाकडे वही, एकाकडे टेप, एकाकडे खडू. गेटाजवळ शून्य लिहा आणि दर वीस मीटरला कडेला खूण करा. पुढचं सगळं या खुणांवर लिहायचं: ‘१४० मीटरला, डावीकडे’. आमच्या भाषेत याला चेनेज म्हणतात. ‘मंदिराजवळ’ असं लिहू नका. मंदिराजवळ तीन चेंबरं असतात आणि ठेकेदार त्यातलं सगळ्यात सोपं दुरुस्त करून जातो.

आधी चेंबरं. पुण्यात दुचाकीवरून पडलेल्या कुणालाही विचारा. रस्त्यावर डांबराचा नवा थर येतो तेव्हा रस्ता दोन-चार सेंटिमीटर वर चढतो, चेंबर जागेवरच राहतं. असे तीन थर झाले की झाकण तळहाताच्या रुंदीएवढं खाली जातं. उचलायला काय लागतं? भोवतीचं काँक्रीट फोडून फ्रेम सोडवायची, खालची गोल भिंत हवी तेवढी वाढवायची, फ्रेम नव्या पातळीला बसवून काँक्रीट भरायचं, आणि ते पक्कं होईपर्यंत चार दिवस त्यावरून गाडी जाऊ द्यायची नाही. अडतं ते या चार दिवसांपाशी. ठेकेदाराला रात्रीत डांबर ओढून निघायचं असतं. शिवाय पुष्कळदा पूर्वगणनपत्रकात ‘चेंबर समपातळीत आणणे’ ही बाबच नसते, किंवा असली तर नग दहा आणि रस्त्यावर चेंबरं तेवीस.

एक माझंच पाप सांगतो. नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी एका रस्त्याचं पूर्वगणनपत्रक मी टेबलावर बसून केलं. जुन्या फायलीतून चेंबरांचा आकडा उचलला. मधल्या काळात तिथं पावसाळी लाइन पडली होती आणि चेंबरं दुपटीनं वाढली होती. रस्ता झाला, अर्धी चेंबरं खड्ड्यात. पहिल्याच पावसात तिथं पाणी साचलं, झाकण दिसेना, आणि एका शाळामास्तरांचा हात मोडला. ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले तेव्हा प्लास्टरवरच कागद ठेवून सही करत होते. तेव्हापासून मी रस्ता चालल्याशिवाय कागदावर आकडा लिहिला नाही. तर सांगायचं हे, की चेंबरं तुम्हीच मोजा. प्रत्येकावर आडवी पट्टी ठेवून झाकण किती खाली किंवा वर आहे ते सेंटिमीटरमध्ये लिहा. रस्ता पुन्हा करायची फाइल निघेल तेव्हा तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा जुळतो का हे नगरसेवकांना विचारायला सांगा. काम सुरू होण्याआधीचा हा एक प्रश्न पुढच्या दहा तक्रारी वाचवतो.

मग पाणी. ‘पाणी तुंबतं’ एवढं लिहिलंत तर उपयोग नाही, कारण त्याला तीन-चार वेगळी कारणं असतात आणि इलाजही वेगळे. रस्त्याला आडवी दोरी ताणून बघा. सात मीटर रुंदीचा डांबरी रस्ता मधोमध कडेपेक्षा सात-आठ सेंटिमीटर उंच हवा. दोरी सपाट टेकली तर पाणी कडेला जाणारच नाही, मग गटार कितीही साफ करा. कडेला जातंय पण तिथंच थांबतंय, तर पावसाळी गटाराची जाळी बघा. निम्म्या वेळा जाळी रस्त्यापेक्षा वर बसवलेली सापडते. पाण्यानं चढून जायचं की काय!

तुमच्या यादीतला नववा मुद्दा: पावसात ड्रेनेज चेंबर उफाळून मैला रस्त्यावर येतो. इथं मला दोन प्रश्न विचारावे लागतील. फक्त पावसातच उफाळतं, की एरवीही रोज सकाळी सात ते नऊच्या दरम्यान? रोज सकाळी होत असेल तर लाइन चोकअप आहे किंवा वाढलेल्या इमारतींना अपुरी पडते. आधी जेट मशीन लावून बघायचं, नाही भागलं तर मोठ्या व्यासाची लाइन. पण फक्त पावसात होत असेल तर मैल्याच्या लाइनीत पावसाचं पाणी शिरतंय. कुठून? गच्चीवरच्या पन्हळाचे पाइप सरळ ड्रेनेज चेंबरला जोडलेल्या सोसायट्यांतून. बिल्डर पैसे वाचवतो, कुणी बघत नाही, आणि पहिल्या जोराच्या सरीत पाच-सहा गच्च्यांचं पाणी घरातल्या सांडपाण्याच्या हिशेबानं टाकलेल्या पाइपात येतं. त्यातली एक गच्ची तुमची असण्याची शक्यता बरीच आहे. पाऊस नसताना गच्चीवर दोन बादल्या पाणी ओता, हवं तर हळदीचं, आणि खाली कुठल्या चेंबरात पिवळं येतं ते बघा. तुमच्या सहा सोसायट्यांनी आपापले पाइप पावसाळी लाइनीला वळवले तर नगरसेवकांकडे जायच्या आधीच नववा मुद्दा निम्मा सुटेल. आणि भेटीत सांगता येईल की आमच्या बाजूचं आम्ही केलंय, आता रस्त्यातल्या लाइनीचं तुम्ही बघा. अशा बोलण्याचं वजन वेगळं असतं.

ओढ्यानाल्यांचं मी जास्त सांगत नाही. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्यानं काय केलं ते अख्ख्या पुण्यानं पाहिलं, आणि २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं ते तर तुमच्या जवळच. तुमच्या रस्त्याचं पाणी शेवटी कुठल्या ओढ्यात पडतं तिथपर्यंत एकदा चालत जा. तोंड भरावानं किंवा राडारोड्यानं बुजलं असेल तर फोटो तारखेसह ठेवा. नालेसफाईची बिलं पावसाळ्याआधी निघतात, त्यामुळे फोटो एप्रिलमध्ये एक आणि मेच्या अखेरीस एक, त्याच जागेवरून.

फुटपाथ. यावर तुमच्या यादीत सगळ्यात जास्त राग दिसतो आणि तो रास्त आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार चालायला निव्वळ १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. पुणे महापालिकेनं २०१६मध्ये स्वतःचं पादचारी धोरण केलेलं आहे. जंगली महाराज रस्त्यावर चालून बघा, मनात आणलं तर काय होतं ते दिसेल. लक्ष्मी रस्त्यावर २०२१पासून ११ डिसेंबरला पादचारी दिनही होतो. धोरण आहे, नमुना आहे, फक्त तो धायरीपर्यंत पोचलेला नाही. २०१७ला जी अकरा गावं हद्दीत आली त्यात धायरी होती, आणि गावचे रस्ते फुटपाथ गृहीत धरून आखलेले नसतात. म्हणून ‘फुटपाथ करा’ म्हणण्याआधी भिंत ते भिंत रुंदी मोजा. नऊ मीटरच्या रस्त्यात दोन्हीकडे फुटपाथ आणि दोन्हीकडे पार्किंग बसत नाही. एका बाजूला चांगला फुटपाथ आणि त्याच बाजूला पार्किंग बंद, असं काहीतरी निवडावं लागेल. ते तुमच्या सहा सोसायट्यांनी आधी आपसांत ठरवा. नगरसेवकांसमोर तुमच्यातलेच दोघे पार्किंगवरून भांडू लागले की विषय तिथंच संपतो. मी अशा किमान डझनभर बैठका पाहिल्या आहेत.

आणि एक कडू गोष्ट. एखाद्या आजीबाईंच्या मागे पन्नास पावलं चाला. फुटपाथवर चढतात, एक हात गुडघ्यावर. दहा मीटरवर पहिल्या सोसायटीचं गेट, तिथं फुटपाथ कापलेला, खाली उतरायचं. पुन्हा चढायचं. पुढच्या गेटाचा रॅम्प फुटपाथवर आडवा, वर गुळगुळीत फरशी. तिसऱ्या वेळी त्या खाली उतरतात आणि रस्त्याच्या कडेनंच चालू लागतात. मागून टँकर हॉर्न देतो. त्यांना चुकून कुणी म्हणू नका की फुटपाथ असून वापरत नाहीत. गेटापुढं फुटपाथ त्याच उंचीवर सलग राहायला हवा आणि गाडीनं त्यावरून हळू चढून उतरायला हवं. त्यासाठी तुमच्या गेटाचा उतार तुमच्या हद्दीच्या आत घ्यावा लागेल. सभासदांची मंजुरी आणायची जबाबदारी सचिव म्हणून तुमच्यावर येते, मला कल्पना आहे ते किती अवघड आहे.

दिव्यांचं सोपं. खांबावर क्रमांक रंगवलेला असतो. रात्री फिरून बंद दिव्यांचे क्रमांक लिहा. झाडाच्या फांदीत अडकलेला दिवा वेगळा लिहा, कारण तिथं विद्युतचा माणूस येऊन ‘दिवा चालू आहे’ असा शेरा मारून जाईल. ते काम उद्यान विभागाचं. कचऱ्याच्या ढिगाचं एवढंच, की तो किती वाजता तयार होतो ते दोन दिवस पाळत ठेवून बघा. रात्री दहानंतर होत असेल तर दुकानं किंवा उशिरा घरी येणारे, सकाळी होत असेल तर ज्यांच्या दारी कचरावेचक ताई पोचत नाहीत ते. मुकादमाला वेळ सांगितली की तो माणूस पकडू शकतो. नुसती जागा सांगितली तर फक्त उचलू शकतो.

मग हे सगळं नेमकं कसं द्यायचं. दोन पानं. पहिल्यावर रस्त्याचा हातानं काढलेला नकाशा, खुणांसह. दुसऱ्यावर कामं, खात्याप्रमाणे वेगळी केलेली, प्रत्येकापुढे मोजमाप. चारही नगरसेवकांना एकच पत्र, चौघांची नावं वर, आणि शक्य तर एकाच बैठकीत. चार सदस्यांच्या प्रभागात ‘तो भाग त्यांच्याकडे आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं. कायद्यात अशी वाटणी नाही, चौघेही अख्ख्या प्रभागाचे. खरं तर २००९च्या दुरुस्तीनं महाराष्ट्रात क्षेत्रसभेची तरतूद झालेली आहे, म्हणजे गावात जशी ग्रामसभा तशी शहरात काही मतदान केंद्रांच्या मतदारांची सभा. क्षेत्रंच आखली गेली नाहीत म्हणून ती कागदावर राहिली. मोठी मागणी एकच करायची असेल तर ही करा. आमच्या भागाचं क्षेत्र जाहीर करा आणि सभा घ्या, असा ठराव मांडायला सांगा. नकार द्यायला त्यांना जड जाईल.

प्रभाग समितीत नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी किंवा लोकसंस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य नेमता येतात. या जागा कार्यकर्त्यांची सोय म्हणून भरल्या जाऊ नयेत यासाठी आत्ताच बोला, नंतर उपयोग नाही. आणि पुण्यात २००६-०७पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. पाच लाखांपर्यंतचं काम तुम्ही स्वतः अर्ज भरून सुचवू शकता. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास घेतात. गेटापुढचा फुटपाथ सलग करणं, जाळ्या रस्त्याच्या पातळीला आणणं, ही त्यात बसणारी कामं आहेत. नगरसेवक रुसले तरी हा दरवाजा उघडा असतो.

काम सुरू झालं की खरी परीक्षा. ठेकेदाराशी वाद घालू नका, माणसं कामावर असतात त्यांचा काही दोष नसतो. कार्यादेशाची प्रत मागा. त्यात मुदत आणि दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो, म्हणजे त्या काळात खड्डा पडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं बुजवायचा. ती तारीख सोसायटीच्या फलकावर लावून ठेवा. नोव्हेंबर २०१८च्या शासन निर्णयानं दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक संस्थांच्या कार्यालयात नागरिकांना अभिलेख पाहण्याची सोय केली होती, ती तुमच्याकडे अजून चालू आहे का ते आधी विचारून घ्या. तिथं मोजमाप पुस्तिका मागा. चेंबरं किती उचलल्याचं लिहिलंय आणि रस्त्यावर किती उचललीत, एवढंच जुळवा. आवाज चढवायची गरज नाही. तुमची रविवारची वही शेजारी उघडून ठेवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की एवढं करायला माणसं कुठून आणायची. सहा सोसायट्यांत मिळून एक निवृत्त सर्व्हेअर, एक बँकेतून निवृत्त झालेली नीटनेटकी बाई आणि दोन उत्साही कॉलेजची मुलं निघतातच, त्यांना हुडका. टेप तीस मीटरची घ्या, फायबरची. स्टीलची घेऊ नका, पहिल्याच रविवारी रिक्षा तिच्यावरून जाईल.